हंसिणीच्या पेट्यातला तामडा

ख्रास्तिन, २८ सप्टेंबर १९९७

वेंदादादा,

फोनवर तू येत नाहीस, म्हणून हे पत्र. दर वेळी तुझी सून उचलते आणि म्हणते, "आत्या, बाबा झोपलेत." सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत, परवा दिवेलागणीला फोन केला तरी झोपलेत. एवढी झोप तुला उभ्या आयुष्यात आली नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं तोंडावर सांग ना बाबा, सिमोनाच्या पदराआड कसला लपतोस?

कामाचं आधी सांगते. ओटाकर मास्तरांनी आपल्या तामडे शोधणाऱ्यांच्या क्लबची सभा घेतली. या वर्षी मार्टिनच्या सणाच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, प्रदर्शन भरवायचं ठरलंय, आणि संग्रहालयातली एक बाई आपली यंत्रं घेऊन येणार आहे. मी तिच्यासमोर माझा दगड ठेवणार आहे. कुठला ते तुला चांगलं माहीत आहे.

ईस्टरच्या प्रदर्शनात, दारूच्या गुत्त्यामागच्या त्या हॉलमध्ये, सबंध क्लबसमोर तू त्याला काच म्हणालास. वरच्या शेतात सापडला तेव्हापासून मी कुणाला, अगदी तुलाही, दाखवला नव्हता. तुला चकित करायचं होतं. हरवू नये म्हणून सकाळभर कोटाच्या खिशात मुठीत धरून बसले होते. एवढा मोठा लाल रत्नखडा, वाटाण्याहून मोठा तामडा, आपल्या गावात कुणाला सापडलाय? मी तुझ्या हातावर ठेवला. तू खिडकीशी नेलास, फिरवलास, ओठाला लावलास आणि म्हणालास, "काच आहे. टाक कोंबड्यांना." सगळे हसले. शेजारची ब्लाजेना तर एवढी हसली की तिच्या नाकातून बियर आली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मीही बोलले. "तुझे दिवस संपले दादा, परीक्षकाची खुर्ची आता दुसऱ्याला दे." हो, बोलले मी तसं. पण खुर्ची सोड म्हटलं होतं, गाव सोड नव्हतं म्हटलं! आठवड्याच्या आत तू बॅग भरून लेकाकडे, पात्रिककडे, ओस्त्रावाला निघून गेलास. एवढा राग एका वाक्याचा?

तर माझी अट ऐक. दगड काच निघाला तर मी त्याच हॉलमध्ये खुर्चीवर उभी राहून तुझी माफी मागेन. तामडा निघाला तर तू मागायचीस. काहीही निघालं तरी तू यायचंस. तुझ्या खोलीतल्या चादरी मी अजून बदलते. कुणासाठी बदलते कोण जाणे.

लीदा


ख्रास्तिन, १२ ऑक्टोबर

वेंदादादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, चार ओळी. "माझ्या चाळण्या, डब्या आणि भिंग क्लबला देऊन टाक. मी आता परत येणार नाही. तुझी तब्येत सांभाळ." आणि तेही सिमोनाच्या हस्ताक्षरात! बहिणीला दोन शब्द लिहायला पेन जड झालं का? शहराची हवा लागली म्हणायची. सुनेच्या हातचं पत्र, सुनेच्या हातचे पाकिटातले डंपलिंग. पाकिटात पीठ मिळतं म्हणे, पाणी घातलं की झालं. ते खाऊन माणसाची बुद्धीही तशीच भुसभुशीत होत असेल.

चाळण्या मी देणार नाही. खुंटीलाच राहतील.

वरचं शेत नांगरून झालं आणि त्यावर दोन दिवस पाऊस पडला. आता तुला सांगायला नको काय झालं असेल. पहाटे उठले, बूट चढवले आणि निघाले. ऊन खाली आल्यावर सूर्याकडे तोंड करून नांगरटीतून चालत राहिले. ढेकळाढेकळांतून लाल ठिणग्या पेटत होत्या, दादा! धुऊन लख्ख झालेले, मोहरीएवढे, मसुरीएवढे. मी एकदा सवयीने ओरडले, "हा बघ!" आणि बाजूच्या ओळीत कुणी नव्हतं. ब्लाजेनाचा कुत्रा तेवढा होता. त्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा उंदराचं बीळ उकरायला लागला.

गेल्या शरदात तू माझ्या शेजारच्या ओळीत चालायचं सोडून मागून चालायला लागला होतास. गुडघे दुखतात म्हणालास. रोज रिकामी डबी घेऊन घरी यायचास आणि म्हणायचास, "जमीन कंजूष झालीय, लीदा." यंदा बिलकुल कंजूष नाही. येऊन बघ.

संध्याकाळी सगळं स्वयंपाकघरात पसरते. कोमट पाण्यात भिजवते, जुन्या टूथब्रशने माती काढते, फडक्यावर वाळवते. मग एकेक तपासते. बिअरच्या बाटलीचे तुकडे आणि कौलांचे कण बाजूला काढते. शंका आली तर बुचावर ठेवून बशीतल्या पाण्यात तरंगवते आणि चुंबक जवळ नेते. बूच हळूहळू चुंबकाकडे सरकलं तर तामडा, ढिम्म राहिलं तर काच. घाईच असेल तर तुझी रीत, ओठाला लावायचा. गार लागला तर खरा, काच तेवढी गार लागत नाही. बाकी सगळ्या दगडांना मी हे केलं.

त्या मोठ्याला मात्र नाही केलं. ओटाकर मास्तर उन्हाळाभर मागे लागलेत, "लीदाबाई, एकदा चुंबक तरी लावा." मी हात लावू देत नाही. हसशील तू. पण तो काच निघाला तर मी तुला उगाच हाकलला असं होईल, आणि तामडा निघाला तर तू चुकलास असं होईल. तू चुकलास हे मला मनापासून हवंय असं मला वाटायचं. रात्री उशाशी घेतला की वाटेनासं होतं. डबीत ठेवते, पुन्हा काढते, पुन्हा ठेवते. चैन पडत नाही.

ते जाऊ दे. संग्रहालयातली बाई बघेल काय ते. कुंपणाला, तू दुरुस्त करणार होतास तिथे, अजून भोक आहे. ब्लाजेनाचे हंस त्यातून आत येतात आणि माझा कोबी खातात.

लीदा


ख्रास्तिन, २२ ऑक्टोबर

वेंदादादा,

घाईत लिहिते आहे. सगळं ठीक आहे. दगडही ठीक आहे. सुरक्षित जागी आहे. जागा उबदार आहे आणि पहाराही चांगला आहे, कुणाची जवळ जायची हिंमत होत नाही. तू काळजी करू नकोस. तू कशाला करशील म्हणा.

एक विचारायचं होतं. आपली आई मार्टिनच्या सणाला हंस साफ करायची, तेव्हा पेटा चिरून आतली वाळू आधी बशीत धुवायची, आठवतं ना? तामडे निघायचे. या पक्ष्यांना दात नाहीत, म्हणून ते खडे गिळतात आणि पेट्यात त्यांनी दाणे दळतात. तर असा खडा पेट्यात किती दिवस राहतो? सगळेच राहतात, की मोठे खालून निघूनही जातात? आणि दुसरं, आत एवढं दळण चालतं त्यात खडा झिजतो का? उगीच विचारते. मनात आलं म्हणून.

सध्या मी ब्लाजेनाच्या अंगणात बरीच चाळण करते. तुझी बारीक चाळणी घेतली आहे. काल ती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "लीदा, आयुष्यभर नाल्यात चाळलंस, शेतात चाळलंस, आता माझ्या हंसांच्या विष्ठेतही काही सापडतं का?" मी म्हटलं, खत चांगलं आहे तुझ्याकडचं, बघतेय. ती म्हणाली, "बघ हो, वास पण घे हवा तर."

सिमोनाला म्हणावं, पाकिटाच्या पिठात एक अंडं घालून बघ. तेवढी तरी चव येईल.

लीदा


ख्रास्तिन, २ नोव्हेंबर

वेंदादादा,

आज मृतांचा दिवस. आईबाबांच्या कबरीवर शेवंती ठेवली, मेणबत्ती लावली. वारा होता, तीनदा विझली. शेवटी मी तिच्यापुढे उभी राहिले, पाठीला वारा घेत. तिथे उभं असताना ठरवलं की आता खरं लिहायचं.

सिमोनाने तुझ्या या वेळच्या पत्राखाली स्वतःची एक ओळ लिहिली होती, "आत्या, बाबांनी हंसांचा भाग दोनदा वाचायला लावला आणि खूप दिवसांनी हसले." वाचायला लावला? आता वाचूनही दुसऱ्याकडून घेतोस? मोठा जमीनदारच झालास! पण हसलास, म्हणजे तुला कळलं. तुझ्यापासून काही लपत नाही. म्हणून सांगते.

दगड हंसिणीच्या पोटात आहे.

झालं असं. प्रदर्शनासाठी एकदा नीट धुवावा म्हणून काढला. खाचेत थोडी माती राहिली होती. अंगणातल्या बाकावर ओल्या फडक्यावर ठेवला आणि घरात फोन वाजला. मला वाटलं तू. धावत गेले, पायरीवर ठेचकाळले, धापा टाकत उचलला. खाटीक होता, डुकराचं मांस कधी पाठवू विचारत होता. मी त्याला काय वाट्टेल ते बोलले बिचाऱ्याला. परत आले तर कुंपणाच्या भोकातून हंसांची सगळी फौज आत आलेली, आणि वाकड्या शेपटीची ती हंसीण, जी ब्लाजेनाकडे येणाऱ्या पोस्टमनलाही चावते, बाकापाशी मान लांब करून काहीतरी गिळत होती. फडकं रिकामं होतं.

मी तिच्या मानगुटीला धरलं. तिने माझ्या मनगटाचं मांस पकडलं. ब्लाजेना धावत आली. दोघी ओरडत होतो, हंसीणही ओरडत होती.

"आत्ताच्या आत्ता काप तिला," मी म्हटलं.

"काय सांगतेस! ती फादरसाहेबांची आहे. मार्टिनच्या सणाला त्यांच्या ताटात जायची आहे. अर्धवट भरलेली हंसीण कोण कापतं?"

"मी दुप्पट पैसे देते."

"पैशाचा प्रश्न नाही गं. ती अजून नीट भरलीच नाही. आणि एका काचेच्या तुकड्यासाठी?"

काच! दादा, तुझा एक शब्द सबंध गावात पसरलाय.

तर आता मी वाट बघते आहे. रोज चाळण करते, खालून काही पडलं का बघते. पडलेलं नाही. दिवसभर पायाला भिंगरी लागल्यासारखी दोन अंगणांत ये-जा करते. हंसीण मला बघून फिस्स करते. तिला मक्याचा भरडा घालते, की ती लवकर भरावी. ब्लाजेना म्हणते, "तुझा नवरा होता तेव्हा त्यालाही एवढं प्रेमाने कधी खायला घातलं नाहीस." रात्री डोळा लागला तर स्वप्नात खडखड दळल्याचा आवाज येतो.

भीती दगडाची नाही. दगड गेला तर गेला. पण तो गेला तर तुझ्या-माझ्या भांडणाचा निकाल लागायचा कसा? आणि निकाल लागला नाही तर तू यायचास कशाला? माझ्याकडे तुला बोलावायला दुसरं काहीच नाही. मला तू घरी हवा आहेस. आता लिहून टाकलं.

लीदा


ख्रास्तिन, ११ नोव्हेंबर

वेंदादादा,

सिमोना, हे पत्र तू मोठ्याने वाचते आहेस हे मला आता माहीत आहे. मध्येच थांबू नकोस आणि काही गाळू नकोस. डंपलिंगबद्दल जे लिहिलं ते सगळं मागे घेत नाही, निम्मं घेते.

काल सकाळी ब्लाजेनाने हंसीण कापली. पिसं काढायला मी मदत केली, सुरीला मात्र तिने मला हात लावू दिला नाही. पेटा तिनेच काढला, कडेने चिरला, आतली पिवळी कातडी सोलली आणि सगळी वाळू माझ्या ओंजळीत उलटी केली. वाळूत बोट फिरवलं आणि तो लागला. पाण्यापर्यंत जायचाही धीर नव्हता. एप्रनला पुसला आणि डोळे मिटून ओठाला लावला.

गरम होता. काहीच गार लागेना. काच!

मला रडू फुटलं. म्हटलं, संपलं, दादाच बरोबर होता आणि मी त्याला चारचौघांत नको ते बोलले. ब्लाजेना म्हणाली, "अगं बावळट, आत्ता या क्षणी हंसिणीच्या पोटातून काढलाय. गरम नाही लागणार तर काय बर्फ लागेल?"

मी रडायची थांबले. दादा, त्या क्षणी मला ईस्टरची ती सकाळ दिसली. सकाळभर माझ्या मुठीत, माझ्या खिशात होता तो दगड. घामेजलेल्या मुठीतून काढून मी तो तुझ्या हातावर ठेवला होता. तू ओठाला लावलास तेव्हा तो गार लागणार कसा? तुझ्या ओठाने जे सांगितलं ते तू प्रामाणिकपणे बोललास. ऊब माझ्या हाताची होती.

मग मी अजून आठवत गेले. तू कधी एवढ्या घाईने निकाल दिला नव्हतास. बूच, चुंबक, भिंग, ऊन, सगळं केल्याशिवाय मसुरीएवढ्या दगडालाही तू नाव दिलं नाहीस. त्या दिवशी नुसता ओठ. आणि खिडकीशी नेलास खरा, पण धरलास भिंतीकडे. मी बघितलं होतं आणि मला काही कळलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून माझ्या मागून चालणं. रिकामी डबी. जमीन कंजूष. चार ओळी, त्याही सिमोनाच्या हस्ताक्षरात. दोनदा वाचायला लावलं.

दादा, तुला दिसत नाही ना?

रक्ताळलेल्याच हातांनी मी फोन फिरवला. सिमोनाने उचलला. "बाबा झोपलेत," म्हणाली. मी म्हटलं, "झोपू दे. मला फक्त सांग, तो माझी पत्रं स्वतः वाचतो का?" ती म्हणाली, "मी वाचून दाखवते, आत्या. डंपलिंगचं पण." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग ती रडायला लागली आणि तिने सांगितलं. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. रस्ता दिसतो, पायाशी पडलेला दगड दिसत नाही. समोरच्या माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत यायचं नाही. आणि तू तिला शपथ घातली होतीस की लीदाला कळता कामा नये. तिला रागावू नकोस, तिच्याकडून मी काढून घेतलं.

पण तुझ्यावर मी रागावले आहे. एवढी रागावले आहे की रात्री बशी फोडली, आईच्या सेटमधली. गेला सबंध शरद तू माझ्यासोबत नांगरटीतून चाललास आणि मला सांगितलं नाहीस! परीक्षकाला दिसत नाही हे क्लबला कळू नये, ठीक आहे. मी क्लब आहे का? मी तुझी बहीण आहे ना? आणि वर मी काय म्हणाले, तुझे दिवस संपले. तुझ्या मनात नेमकं तेच होतं, आणि मी ते सगळ्यांसमोर बोलले. माहीत असतं तर जीभ कापून ठेवली असती.

आता दगडाचं. त्याच पेट्यात बिअरच्या बाटलीचा एक हिरवा तुकडा होता. तो दळून दळून दुधाळ झालाय, कडा गोल, आरपार काही दिसत नाही. आपला धुऊन उन्हात धरला. त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही, आणि आत विस्तव आहे. ब्लाजेनाने बघितलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. म्हणजे काय ते मला कळलंय. पण या गावात माझं कळणं चालत नाही, तुझं चालतं.

आज प्रदर्शन झालं. संग्रहालयातली बाई आली, यंत्रं मांडून बसली. ओटाकर मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "लीदाबाई, आणा आता तो प्रसिद्ध दगड." मी म्हटलं, "आणला नाही. परीक्षकाने अजून नीट बघितला नाही." दोघेचौघे हसले. ब्लाजेना हसली नाही. उलट मागे वळून म्हणाली, "काय हसताय? वेंदाची खुर्ची आहे ती. येईल आणि बघेल." तुझी खुर्ची भिंतीशी होती, कुणी बसलं नाही तिच्यावर. मास्तर आपला कोट तिच्यावर ठेवायला गेले, मी उचलून त्यांच्या हातात दिला.

दिसत नाही तर नाही. नाल्यावर चाळणी तू धर. पाण्यात फिरवून जड दगड मधोमध गोळा करणं तुझ्या हातांना जेवढं येतं तेवढं मला कधीच आलं नाही, आणि ते तू नेहमी वर आभाळाकडे बघतच करायचास. शेतात माझ्या मागून चाल. मी "हा बघ" म्हणणार नाही, "हा धर" म्हणेन. क्लबला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी कुणाला बोलले नाही. ब्लाजेनाला अंदाज आला असेल, पण तिचं तोंड मी बंद करीन, माझ्या कोबीचं तिच्याकडे येणं आहेच.

सिमोना म्हणाली, पात्रिक शनिवारी गाडी काढू शकतो. सिमोना, तूही ये. डंपलिंग मी करीन.

दगड स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कट्ट्यावर बशीत ठेवलाय. हाताने नाही, चिमट्याने. वर जड पातेलं पालथं घातलंय, कुणी पक्षी आता तिथे चोच घालणार नाही. दोन दिवसांपासून पाणी गोठायला लागलंय, म्हणजे तो शनिवारपर्यंत चांगला गारठेल. तू गाडीतून उतर, बूट काढायच्या आधी खिडकीशी जा आणि ओठाला लावून बघ. मग काय आहे ते तू मला सांग.

तोवर मी त्याला हात लावणार नाही.

लीदा